शब्दचर्चा: 'खापर फोडणे', 'ठपका ठेवणे' आणि राष्ट्राध्यक्षांचे युद्ध

प्रश्न

व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या अमेरिकी राजकारणावरचा एक लेख मराठीत आणते आहे. एका वाक्यापाशी दोन दिवस अडले आहे: 'रिपब्लिकनांनी युद्धाचा दोष जॉन्सन यांना दिला.' जॉन्सन हे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष, डेमोक्रॅटिक पक्षाचे; रिपब्लिकन हा विरोधी पक्ष. 'दोष दिला' फार मिळमिळीत वाटते. 'ठपका ठेवला' म्हणावे की 'खापर फोडले'? आणि 'अलोकप्रिय युद्ध' तुमच्या कानाला कसे लागते? मला खटकते, पण का ते सांगता येत नाही.

प्रतिसाद

ताई, 'ठपका' इथे चालणार नाही. ठपका ठेवायला अधिकार लागतो. चौकशी समिती ठेवते, लेखापरीक्षक ठेवतात. आधी कागद तपासले जातात, मग ठपका. विरोधी पक्ष फार तर आरोप करतो. 'बोल लावणे' घरातले आहे, नशिबाला लावतात. 'आळ' म्हटले की आरोप खोटा असे तुम्हीच ठरवून टाकता, आणि जॉन्सन काही निर्दोष नव्हते.

राहिले 'खापर'. मातीच्या भांड्याचे खापर, आणि ते फोडायला दुसऱ्याचे डोके. दोष खरा असेल किंवा नसेलही, पण फोडणारा स्वतःचा वाटा लपवतो आहे, हे या शब्दप्रयोगातच येते. म्हणून तो इथे नेमका बसतो. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखाताचा ठराव आला आणि जॉन्सन यांना लष्करी कारवाईची मोकळीक मिळाली. मते पाहा: प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोधातले ते दोघे, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग, जॉन्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे. रिपब्लिकनांपैकी एकानेही 'नाही' म्हटले नव्हते. पुढे युद्ध बिघडल्यावर त्या पक्षातल्या ज्यांनी सगळा भार एकट्या जॉन्सनवर टाकला, त्यांच्यासाठी 'खापर फोडले' हाच शब्द.

पण तो सरसकट वापरू नका. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष फुलब्राइट हेही डेमोक्रॅट. १९६४ चा ठराव सिनेटमध्ये त्यांनीच पुढे नेला होता, आणि १९६६ मध्ये त्यांनीच युद्धावर जाहीर सुनावण्या घेतल्या. आपल्या त्या मताचा त्यांना पश्चात्ताप झाला आणि तो त्यांनी लपवला नाही. मार्च १९६८ मध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत डेमोक्रॅट सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध ४२ टक्के मते मिळवली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला जॉन्सन यांनी पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. फुलब्राइट आणि मॅकार्थी यांनी खापर फोडले म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी 'जाब विचारला'. जाब विचारणारा समोर उभा राहून उत्तराची वाट पाहतो.

प्रतिसाद

वरच्या उत्तराला एक जोड. अमेरिकेत दोष चिकटवण्याचे काम क्रियापदापेक्षा षष्ठी विभक्तीने जास्त केले आहे. १८१२ चे ब्रिटनशी झालेले युद्ध विरोधी फेडरलिस्ट पक्षवाल्यांना नको होते, तर त्यांनी त्याला 'मिस्टर मॅडिसनचे युद्ध' म्हटले. १८४६ चे मेक्सिकोचे ते पोकचे, कोरियाचे ते ट्रूमनचे. तिघेही त्या त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष. एक 'चे' लावला की देशाचे युद्ध एका माणसाच्या नावावर चढते, सातबारा उताऱ्यावर चढावे तसे.

हे सगळ्यात स्वच्छ ओळखले ते जॉन्सननंतर आलेले रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी. ३ नोव्हेंबर १९६९ च्या भाषणात त्यांनी सांगितले, की आपण सत्तेवर येण्याआधीच हे युद्ध सुरू झाले होते, तेव्हा पराभवाचा दोष जॉन्सनवर टाकून शांतिदूत होणे सोपे होते. 'जॉन्सनचे युद्ध' 'निक्सनचे युद्ध' होऊ द्यायचे नसेल तर हाच मार्ग, असे काहींनी सुचवलेही होते. तो मार्ग आपण नाकारला, असे ते म्हणाले. ऐकायला हे नेतृत्व वाटते. पण त्याच भाषणात शेवटी ते म्हणाले, की उत्तर व्हिएतनाम अमेरिकेला हरवू शकत नाही, ते फक्त अमेरिकनच करू शकतात. म्हणजे खापर जॉन्सनच्या डोक्यावरून उचलले आणि रस्त्यावर उतरलेल्या आंदोलकांसाठी तयार ठेवले. युद्धात ५८ हजारांवर अमेरिकी सैनिक मेले, त्यांतले २० हजारांहून अधिक निक्सन आल्यानंतर. मला हा आकडा विसरता येत नाही.

व्हिएतनामी लोक त्या युद्धाला अमेरिकेविरुद्धचा प्रतिकार म्हणतात. त्यांच्या नावात ना जॉन्सन, ना निक्सन. मेले ते त्यांचे लोक कितीतरी पटींनी जास्त. लेखात एका ओळीत तरी हे नाव येऊ द्या.

प्रतिसाद

'अलोकप्रिय' का खटकते? अलोकप्रिय मंत्री असतो, अलोकप्रिय कर असतो. युद्ध माणसांना नकोसे होते. 'नकोसे झालेले युद्ध' लिहा, आणि 'झालेले' गाळू नका. १९६५ मध्ये बहुतेक अमेरिकनांना सैन्य पाठवणे चूक वाटत नव्हते; १९६८ च्या ऑगस्टपर्यंत चूक म्हणणारे निम्म्याहून जास्त झाले. तो सगळा प्रवास 'झालेले' या एका शब्दात येतो.

ट्रूमन यांचा उल्लेख झालाच आहे, तर त्यांच्या टेबलावरच्या 'द बक स्टॉप्स हिअर' या प्रसिद्ध पाटीचे मराठीही ठरवू या. तिचे मूळ पत्त्यांच्या डावात. वाटप ज्याच्याकडे, त्याच्यापुढे 'बक' नावाची एक खूण ठेवत. वाटायचे नसेल तर तो ती पुढे सरकवी. आपल्याकडे हेच काम विटीदांडूतला टोला करतो: 'टोलवाटोलवी'. म्हणून 'टोलवाटोलवी इथे संपते'. 'अंतिम जबाबदारी माझी' हे परिपत्रकासारखे वाटते. फेब्रुवारी १९५२ मध्ये फक्त २२ टक्के लोक त्यांच्या कारभारावर खूश होते, तरी जानेवारी १९५३ च्या निरोपाच्या भाषणात ते हेच बोलले: निर्णय राष्ट्राध्यक्षालाच घ्यावा लागतो, तो दुसऱ्याकडे ढकलता येत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. 'खापर' आणि 'जाब' यांतला फरक कळल्यावर माझे तीन परिच्छेद बदलले. वाक्य आता असे: 'ज्या ठरावाला स्वतःची मते दिली होती, त्याच्या परिणामांचे खापर कित्येक रिपब्लिकनांनी जॉन्सन यांच्या माथी फोडले, जाब विचारला तो त्यांच्याच पक्षातल्यांनी.'

एक अडचण उरली आहे. १९७६ च्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या वादफेरीत रिपब्लिकन उमेदवार बॉब डोल म्हणाले होते, की या शतकातल्या 'डेमोक्रॅट युद्धां'तले मृत आणि जखमी मोजले तर १६ लाख अमेरिकन होतील, डेट्रॉइट शहर भरेल इतके. इटलीत १९४५ मध्ये स्वतः जबर जखमी झालेला माणूस हे बोलत होता. 'डेमोक्रॅटांची युद्धे' केले तर षष्ठी येते, पण 'डेमोक्रॅटिक' न म्हणता मुद्दाम 'डेमोक्रॅट' म्हणण्यातली मुळातली हेटाळणी जाते. 'डेमोक्रॅटी युद्धे' चालेल का?

प्रतिसाद

चालेल. 'सरकारी', 'दरबारी' यांच्यातला 'ई' तो डंख नीट पोहोचवतो.