जेम्स लॉसन यांना व्हँडरबिल्टच्या डिव्हिनिटी स्कूलमधून का काढलं?

नागपूरकर_८८: मंडळी, मी हिस्लॉप कॉलेजचा. अमेरिकेतल्या सिव्हिल राइट्स चळवळीतले (म्हणजे काळ्या लोकांच्या समान हक्कांच्या लढ्यातले) जेम्स लॉसन १९५३ ते ५६ आमच्या कॉलेजात मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) मिशनरी म्हणून होते हे मला आत्ता कळलं! इथं राहून गांधीजींचा सत्याग्रह अभ्यासला, मग टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीच्या डिव्हिनिटी स्कूलला ॲडमिशन घेतली आणि १९६० मध्ये तिथून त्यांना काढलं. पाद्री घडवणारी संस्था असं कसं करते? ती चर्चची होती की युनिव्हर्सिटीची?

जुनी_पानं: काढलं ते युनिव्हर्सिटीने, डिव्हिनिटीच्या मास्तरांनी नाही. १८७३ मध्ये व्हँडरबिल्ट सुरू झाली तीच मुळी दक्षिणेतल्या मेथडिस्ट चर्चची म्हणून, पाद्री तयार करणारं बिब्लिकल डिपार्टमेंट पहिल्यापासून होतं. पुढे बिशप म्हणायला लागले की ट्रस्टींचे निर्णय आम्ही फिरवू शकतो, प्रकरण कोर्टात गेलं, १९१४ ला टेनेसीच्या सुप्रीम कोर्टाने ट्रस्टींच्या बाजूने निकाल दिला आणि चर्चने संबंधच तोडला. सेमिनरी, म्हणजे हेच पाद्री घडवणारं डिपार्टमेंट, मात्र युनिव्हर्सिटीतच राहिली, सगळ्या प्रोटेस्टंट पंथांना खुली झाली. बिशपांचा जाच गेला हे चांगलंच झालं, पण मालकी पूर्ण ट्रस्टींकडे गेली आणि ट्रस्टी म्हणजे शहरातली बडी मंडळी. त्यातलेच एक नॅशव्हिल बॅनर या पेपरचे मालक जेम्स स्टालमन, त्यांच्या पेपरने लॉसनविरुद्ध रान उठवलं.

मीरा_ताई: लॉसन करत काय होते तेही सांगते. चर्चच्या तळघरात कॉलेजच्या पोरांची तालीम घ्यायचे, काही जण गोरे गुंड बनायचे, शिव्या द्यायचे, ढकलायचे, आणि बाकीच्यांनी हात न उचलता बसून राहायचं. पुढे चळवळीचे नेते झालेले डायान नॅश, जॉन लुईस तिथलेच. फेब्रुवारी १९६० मध्ये ही पोरं दुकानांतल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या लंच काउंटरवर जाऊन बसली, त्यावरूनच मार्चच्या सुरुवातीला चान्सलर (युनिव्हर्सिटीचे प्रमुख) ब्रॅन्सकोम्ब यांच्या काळात लॉसनना काढलं. मला सगळ्यात भिडतं ते पुढचं: डिव्हिनिटीचे डीन नेल्सन आणि बहुतेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले! घरदार असलेली माणसं हो, एका विद्यार्थ्यासाठी.

नागपूरकर_८८: वाचून अंगावर काटा आला ताई. मग परत घेतलं का त्यांना?

जुनी_पानं: दुसऱ्या डिपार्टमेंटचे प्राध्यापकही राजीनाम्याची भाषा करायला लागले तेव्हा तडजोड झाली, डिग्री पूर्ण करायची मुभा मिळाली, पण लॉसननी ती बोस्टन युनिव्हर्सिटीतून घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात नॅशव्हिलचे लंच काउंटर सगळ्यांना खुले झाले. २००६ मध्ये व्हँडरबिल्टनेच त्यांना व्हिजिटिंग प्रोफेसर म्हणून बोलावलं आणि ते गेले. २०२४ मध्ये वारले. हिस्लॉपमध्ये त्यांचा एखादा फोटो, जुन्या मॅगझिनमध्ये नाव वगैरे असेल तर शोधा राव, सापडलं तर इथं नक्की टाका.