ऑपेरा हाऊस वाचलं, पण त्यातला सिनेमा कुठे गेला?

ठाकूरद्वारकर
मुंबईतल्या गिरगावजवळचं रॉयल ऑपेरा हाऊस ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा सगळ्यांचा एकच सूर होता: जुनं वैभव परत आलं. मला विचारायचंय, कोणतं? वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धार केला तो १९११ च्या सुमाराच्या वास्तूचा. त्या साली पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन उरकलं, पण बांधकाम चालूच होतं. पुढे तीसच्या दशकात ते मुख्यतः सिनेमाघर झालं आणि १९९३ मध्ये कुलूप लागेपर्यंत तसंच राहिलं. जवळजवळ साठ वर्षं! पडदा नीट दिसावा म्हणून रंगमंचालगतच्या पेट्या, म्हणजे खास प्रेक्षकांचे बॉक्स, तेव्हा काढल्या होत्या. जीर्णोद्धारात त्या पुन्हा उभ्या केल्या. झुंबरं लखलखली, घुमटावरचे नाटककार-कवी पुन्हा स्पष्ट दिसू लागले. पण सिनेमाच्या काळाची खूण मात्र शोधावी लागते.

गिरगावच्या चाळींतल्या माणसांचं ऑपेरा हाऊस स्टॉल आणि बाल्कनीचं होतं. आज तिथे मैफली होतात, नाटकं होतात, खासगी समारंभ होतात. रोजचा खेळ नाही. ज्यांच्या तिकिटांवर ही वास्तू इतकी वर्षं तगली, त्यांनाच तिच्या इतिहासातून वगळलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाट्यवेडा
अजिबात सहमत नाही. गिरगावातलंच मॅजेस्टिक आठवा. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ तिथे लागला, आपला पहिला बोलपट. त्या थिएटरचं काय झालं? पाडलं, आणि जागेवर शॉपिंग सेंटर उभं राहिलं. ऑपेरा हाऊस तर हिरेबाजाराच्या तोंडावर. हिरे व्यापाऱ्यांच्या पंचरत्न इमारतीपासून हाकेच्या अंतरावरची जागा तिचे मालक असलेल्या गोंडलच्या राजघराण्याने विकायला काढली असती, तर घेणाऱ्यांची रांग लागली असती. त्यांनी तेवीस वर्षं बंद थिएटर सांभाळलं आणि नंतर पदरचा पैसा घालून उभं केलं. २०१७ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला तो उगाच नाही.

आणि मुळात ते नाटकघरच होतं हो. बालगंधर्व तिथे गायले, मास्टर दीनानाथ गायले, पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सची नाटकं तिथे झाली. सिनेमासाठी रंगमंचाची मोडतोड झाली होती, ती दुरुस्त केली तर बिघडलं काय? मी तिथे नाटक पाहिलंय. माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचतो. हे मल्टिप्लेक्समध्ये दाखवा.

माधवबागवाली
नाट्यवेडा, वास्तू वाचली याचा आनंद आम्हालाही आहे. पण ‘मुळात’ म्हणजे कधी हे ठरवणार कोण? बांधली तेव्हा ती साहेबांच्या आणि धनिकांच्या मनोरंजनासाठी होती. आपली माणसं मोठ्या संख्येने आत गेली ती सिनेमामुळेच. माझी आई आणि आत्या दुपारच्या खेळाला जायच्या, घरचं सगळं आवरून. चाळीतल्या बायकांना नवऱ्याशिवाय, सासूशिवाय तीन तास बसता येईल अशा जागा होत्या किती? हा इतिहास झुंबरांइतकाच मोलाचा आहे. आता आत जायचं तर आधी तिकिटाचा आकडा बघून विचार करावा लागतो. शेजारी साहित्य संघाचं नाट्यगृह आहे म्हणून आमची नाटकाची हौस भागते तरी.

नाट्यवेडा
आईंच्या आठवणीबद्दल मनापासून आदर. पण हिशेब बघा. आसनं पावणेसहाशेच्या आत-बाहेर, पडदा एक. व्हिडिओ आणि केबलने एक पडदेवाल्यांचं कंबरडं मोडलं, तेव्हाच हे थिएटर बंद पडलं. आज रोज चार खेळ लावले तर वीजबिल तरी सुटेल का? शंभर वर्षांचा गिलावा आणि लाकूडकाम सांभाळायचं तर खासगी समारंभांचं भाडं लागणारच. त्या पैशाला नाकं मुरडू नयेत.

ठाकूरद्वारकर
भाड्याला माझा विरोध नाही. रोज चार खेळ लावा असंही म्हणत नाही. दोनच मागण्या आहेत. तिथे लागलेल्या सिनेमांची पोस्टरं, तिकिटं, कामगारांचे फोटो आतल्या एखाद्या भिंतीवर कायमचे लावा. आणि महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, परवडणाऱ्या दरात जुना सिनेमा दाखवा. चित्रपट महोत्सवासाठी पडदा लागला होताच ना तिथे? मग गिरगावसाठी का लागू नये?

नाट्यवेडा
भिंतीचं एकदम मान्य, व्हायलाच हवं. रविवारचं नाही. शनिवार-रविवारच तर भाडं देतात. मंगळवार दुपार मागा.

माधवबागवाली
मंगळवार दुपार चालेल. आईच्या वयाच्या बायका तेव्हाच मोकळ्या असतात. पण बाल्कनीचे जिने त्यांना झेपणार नाहीत, तेव्हा स्वस्त तिकिटं खालचीच हवीत. या मागण्यांच्या पत्राचा मसुदा कोण लिहितंय?