नियम-तपासणीचा स्वच्छ अहवाल आणि केबल
सर्किट बोर्डाचा लेआउट नियमांनुसार तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने एकही त्रुटी दाखवली नाही म्हणजे बोर्ड उत्सर्जन चाचणीत (उपकरणातून बाहेर पडणाऱ्या नकोशा रेडिओ लहरींच्या मोजणीत) उत्तीर्ण होणारच, हे विधान मला अर्धेच पटते. तुटलेल्या ग्राउंड प्लेनवरून (प्रवाहाच्या परतीच्या तांब्याच्या थरावरून) जाणारा ट्रॅक, बोर्डाच्या कडेला चिकटलेली क्लॉक लाइन (ठरावीक वेगाने स्पंद वाहणारी तार) किंवा आयसीच्या पिनपासून लांब पडलेला, वीजपुरवठा स्थिर ठेवणारा डीकपलिंग कपॅसिटर अशा गोष्टी हायपरलिंक्स डीआरसीसारखे नियम-तपासणीचे साधन डोळ्यांपेक्षा बिनचूक पकडते. मात्र कोणती नेट (बोर्डावरची विद्युत जोडणी) क्लॉकची आहे हे त्याला आपणच सांगावे लागते आणि ती वर्गवारी अपुरी राहिली की अहवाल विनाकारण स्वच्छ दिसतो.

शिवाय त्या विधानात बोर्डाला जोडलेल्या केबलचा विचारच नाही. ५० मेगाहर्ट्झला १ मीटर केबलमधून अवघा ५ मायक्रोअँपिअर कॉमन-मोड प्रवाह (केबलच्या सर्व तारांतून एकाच दिशेने जाणारा नकोसा प्रवाह) वाहिला, तरी ३ मीटर अंतरावर विद्युत क्षेत्र सुमारे १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर भरते, आणि अमेरिकेतील एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेची घरगुती उपकरणांसाठीची क्लास बी मर्यादा ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये नेमकी तेवढीच आहे. लेआउटच्या फाइलीत ही केबल नसतेच. गोव्यात वेर्ण्याला आमच्याकडे पंपाच्या कंट्रोलर बोर्डाचा अहवाल निर्दोष होता, पण सेन्सरच्या केबलभोवती करंट प्रोब (प्रवाह मोजणारे कडे) लावताच स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर, म्हणजे वारंवारतेनुसार पातळी दाखवणाऱ्या उपकरणावर, क्लॉकच्या हार्मोनिक्सची (मूळ वारंवारतेच्या पटींची) रांग उभी राहिली. केबलचे शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) पिळून, लांब शेपटी काढून कनेक्टरच्या एका पिनला जोडलेले होते (ही पद्धत अजूनही सर्रास दिसते). ते कनेक्टरच्या धातूच्या कवचाला चहूबाजूंनी टेकवल्यावर पातळी खाली आली आणि लेआउटला हात लावावा लागला नाही.