तंजावर सहकुटुंब सहल: शिलालेख, सरस्वती महाल आणि तिथला मराठी स्वयंपाक (मदत हवी आहे)

नमस्कार,

येत्या जानेवारीत पोंगलची गर्दी ओसरल्यावर आम्ही घरातली पाच माणसे तंजावरला जाण्याचे ठरवत आहोत. पुण्याहून निघून तिरुचिरापल्लीमार्गे तंजावर गाठायचे आणि त्या परिसरात चार रात्री काढायच्या, एवढे नक्की झाले आहे. त्यापुढे घरात एकमत होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी तो भाग सावकाश पाहिला आहे किंवा ज्यांचे आप्त तिकडचे आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. निवृत्तीनंतर ते मोडी शिकले आणि आता ओळखीपाळखीच्या लोकांना जुन्या कागदांचे देवनागरी लिप्यंतर करून देतात. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो शिलालेख बाबांना स्वतःच्या डोळ्यांनी, जमेल तेवढा, ओळीवर बोट धरून वाचायचा आहे. त्याचा छापील पाठ त्यांच्याजवळ आहे, पण दगडावर ओळ कुठे संपते आणि कोरणाऱ्याचा हात कुठे दाटीने चालला आहे, ते छापील पानावर कळत नाही, असे ते म्हणतात. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी ऊर्फ एकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. म्हणजे जवळजवळ १८० वर्षे कावेरीकाठी मराठी राजदरबार होता. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याला एखादा परिच्छेद मिळतो, ही गोष्ट बाबांना फार लागते.

आईचे कारण स्वयंपाकघरातले आहे. आमच्या सोसायटीत एक वयस्कर बाई राहतात. त्यांचे माहेर तंजावरकडचे आणि घरी बोलतात ती तिकडची मराठी. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी आईला एका वाटीत 'डांगर पचडी' आणून दिली. उडीद डाळ भाजून केलेले पीठ दह्यात कालवलेले, वरून मोहरी, हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी, आणि कडेला चिरलेली कोथिंबीर. आईने बोटाने चाखून पाहिले आणि म्हणाली, "अगं, हे तर आमच्या आजीचे डांगर." (काही भागांत डांगर म्हणजे भोपळा, इथे तो अर्थ नाही.) फरक इतकाच की आजी त्यात कच्चा कांदा आणि कच्चे तेल घालायची. त्या दिवसापासून आई तिकडच्या पदार्थांची नावे वहीत टिपून ठेवते आहे: रसवांगी, पिटलै, कोसुमल्ली, बोळी. पिटलै हे नाव पिठल्यावरून आले असे सांगतात, पण त्यात बेसन नसते. तुरीची डाळ, चिंच, भाजलेल्या खोबऱ्या-धण्यांचे वाटण आणि कारले किंवा वांगे असते. नाव आपले आणि पदार्थ दुसराच, हे कसे झाले असेल, ते तिला तिथल्या एखाद्या स्वयंपाकघरात उभे राहून पाहायचे आहे.

मुलगी नववीत आहे आणि सहा वर्षे भरतनाट्यम शिकते. आज ज्या क्रमाने भरतनाट्यम सादर होते, तो क्रम सरफोजीराजांच्या काळी तंजावर दरबाराशी संबंधित असलेल्या चार भावांनी घालून दिला, हे तिला तिच्या गुरूंनी सांगितले आहे. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू ही नावे तिला तोंडपाठ आहेत.

आता अडचणी सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका प्रवासी कंपनीबरोबर दक्षिणेत गेलो होतो. त्या सहलीत एका मोठ्या मंदिरासाठी आम्हाला ४० मिनिटे दिली गेली आणि सात दिवसांत पाच वेळा पुरी-भाजी आणि पनीर जेवावे लागले, कारण 'आपल्या लोकांना सांबार-भात रोज चालत नाही' असे गृहीत धरले होते. बाबा त्या मंदिरातून बाहेर येताना मागे वळून पाहत होते, ते मी विसरलेलो नाही. म्हणून या वेळी आपले आपणच जायचे आहे आणि पाहण्याच्या जागा कमी ठेवायच्या आहेत.

माझा पहिला प्रश्न मुक्कामाचा आहे. चारही रात्री तंजावरलाच राहावे, की दोन रात्री कुंभकोणमला काढाव्यात? दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम ही दोन्ही चोळ मंदिरे कुंभकोणमहून जवळ पडतात, पण आईवडिलांना मध्येच सामान बांधायला लावणे मला जिवावर येते. दुसरा प्रश्न शिलालेखाचा: तो कोणत्या वेळी नीट वाचता येतो, आणि बाबांना तिथे बसायला छोटी घडीची खुर्ची नेऊ देतील का? त्यांचे गुडघे दुखतात आणि अनवाणी तापलेल्या दगडावर त्यांना फार वेळ उभे राहता येणार नाही. सरस्वती महाल ग्रंथालयात सामान्य माणसाला मोडी कागद पाहायला मिळतात का, हेही कळावे. सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातील पाककृतींचे 'शरभेंद्र पाकशास्त्र' या ग्रंथालयाने प्रसिद्ध केले आहे. ते तिथे विकत मिळाले तर आईला देण्यासारखी त्याहून चांगली भेट मला सुचत नाही.

शेवटचा आणि मला सर्वांत अवघड वाटणारा प्रश्न खाण्याचा आहे. आम्ही शाकाहारी आहोत. वर लिहिलेले पदार्थ उपाहारगृहात मिळतात, की ते केवळ घरांत उरले आहेत? घरांतच असतील, तर अनोळखी माणसाने कोणाला त्रास न देता ते चाखण्याचा काही रीतसर मार्ग आहे का?

आपल्या उत्तरांची वाट पाहतो.

प्रतिसाद: कावेरीतीर

मी नोकरीनिमित्त अकरा वर्षे तिरुचीत आहे आणि पाहुणे आले की त्यांना तंजावरला नेण्याचे काम माझ्याकडे असते, त्यामुळे अनुभवाने लिहितो. आईवडील बरोबर असताना चारही रात्री तंजावरलाच राहा. कुंभकोणम रस्त्याने सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि दारासुरम त्याच्या अलीकडेच लागते. एक पूर्ण दिवस गाडी करून सकाळी लवकर निघालात, तर दारासुरम आणि दुपारचे जेवण निवांत होते. गंगैकोंडचोळपुरम मात्र कुंभकोणमच्या पुढे आणखी तासाभराच्या अंतरावर आहे. बाबांचे गुडघे लक्षात घेता मी ते या वेळी सोडून देईन आणि तो वेळ दारासुरमच्या बारीक कोरीवकामाला देईन.

मोठे मंदिर, म्हणजे बृहदीश्वर, पहाटे उघडते आणि दुपारी काही तास बंद असते, हे ध्यानात ठेवून दिवस आखा. शिलालेख आवाराच्या नैर्ऋत्य भागात, गणपतीच्या देवळाच्या बाजूला आहे. फरसबंदी थंड असते तेव्हा, म्हणजे सकाळी उघडल्याबरोबर जा. ऊन तिरपे असताना कोरलेल्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात. डोक्यावर ऊन आले की तीच अक्षरे सपाट वाटू लागतात. बाबांसाठी जाड मोजे ठेवा. खुर्चीबाबत दारावरच्या माणसांना आधी विनंती करून पाहा. वयस्कर माणसाला वाचायला बसायचे आहे म्हटल्यावर ते समजून घेतात, असा माझा अनुभव आहे.

मुलीला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिचा हिरमोड होणार नाही. विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखराच्या, वरच्या मजल्यावरील भिंतीवर नाट्यशास्त्रातील १०८ पैकी ८१ करणे (नृत्यातील अंगस्थिती) कोरलेली आहेत, पण तो मजला सर्वांना खुला नसतो. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या मार्गातील चोळकालीन भित्तिचित्रांचेही तसेच आहे. त्याऐवजी हे मंदिर बांधणाऱ्या राजराज चोळाचे जोत्यावरचे तमिळ लेख तिला दाखवा. देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या ४०० नर्तकींची नावे आणि प्रत्येकीला दिलेले घर कोणत्या आळीत होते, हे त्यांत नोंदवलेले आहे. लिपी वाचता आली नाही तरी, हजार वर्षांपूर्वीच्या नर्तकींची नावे आपल्यासमोर दगडावर आहेत हे कळल्यावर माझी भाची बराच वेळ तिथून हलली नव्हती. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असे तिथे कोणीतरी नक्की सांगेल. ते खरे नाही, सावली व्यवस्थित पडते.

सरस्वती महालात पर्यटकांसाठी संग्रहालयाचे दालन आहे आणि तिथे निवडक हस्तलिखिते, नकाशे व चित्रे मांडलेली असतात. प्रत्यक्ष मोडी कागद पाहायचे असतील, तर कामाचे स्वरूप लिहून आधी पत्रव्यवहार करा. ऐन वेळी खिडकीवर जाऊन ते होणार नाही. ग्रंथालयाच्या प्रकाशनांची विक्री तिथेच होते. राजवाड्याच्या आवारातच चोळ कांस्यमूर्तींचे दालन आहे. ते पाहणे अर्ध्या तासात उरकू नका. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या चर्चमध्ये इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनने घडवलेले संगमरवरी शिल्प आहे: मृत्युशय्येवरचे श्वार्ट्झ आणि त्यांच्याजवळ त्यांचे शिष्य सरफोजीराजे. बाबांना ते अवश्य दाखवा.

प्रतिसाद: आत्याकडची

माझी आत्या कुंभकोणमला दिली आहे, त्यामुळे खाण्याबद्दल मी लिहिते.

पिटलै आणि रसवांगी हे घरातले आणि लग्नाच्या पंगतीतले पदार्थ आहेत. उपाहारगृहाच्या फळ्यावर ते रोज दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. पण केळीच्या पानावर जेवण वाढणाऱ्या जुन्या, लहान मेसमध्ये सकाळी जाऊन 'आज काय केले आहे' एवढे विचारा. भाजीच्या जागी कधी कधी पिटलै असते. याहून चांगला मार्ग तुमच्या धाग्यातच आहे. ज्या बाईंनी डांगर पचडी आणून दिली, त्यांनाच विचारा. आमच्याकडे माहेरच्या माणसाचा निरोप घेऊन आलेला पाहुणा अनोळखी धरत नाहीत. एखाद्या घरी आधी फोन करून, दुपारच्या जेवणाऐवजी संध्याकाळच्या कॉफीला जा आणि आईंना स्वयंपाकघरात जाऊ द्या. जाताना पुण्याहून भाजणीचे पीठ न्या. माझी आत्या त्याची वाट पाहत असते.

बाहेर खाण्यासारखे पुष्कळ आहे. इडली-डोशाबरोबर मिळणारा 'कडप्पा' कुंभकोणम-तंजावर पट्ट्याची खास ओळख आहे: मुगाची डाळ, बटाटा आणि खोबऱ्याचे वाटण, रंगाने फिकट आणि चवीला सौम्य. आईंना तो आवडेल. पाणी न घातलेल्या दुधाची डिग्री कॉफी पितळी डबरा-टंबलरमध्ये येते. ती वरून ओतून फेस आणल्याशिवाय पिऊ नका. तंजावरजवळच्या तिरुवैयारूला गेलात तर 'अशोका' खा. तो मुगाच्या डाळीचा, तुपात परतलेला केशरी हलवा आहे आणि गरमच खायचा असतो. कोसुमल्ली म्हणजे आपली कोशिंबीर आणि बोळी म्हणजे पोळी, हे आईंनी ओळखलेच असेल. बोळी मैद्याची आणि हळदीने पिवळी असते, आणि हातावर तूप ओघळेल इतके तूप लावतात.

सांबाराची कथा तुम्हाला तिथे ऐकवतील: संभाजीराजे पाहुणे म्हणून आले, आमसुले संपली होती, म्हणून आमटीत चिंच घातली आणि त्यांच्या नावावरून सांबार झाले. कथा गोड आहे, पण तिला त्या काळातला पुरावा मिळत नाही. बाबांसारख्या कागद वाचणाऱ्या माणसाला ती इतिहास म्हणून सांगू नका.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. चारही रात्री तंजावरलाच राहायचे ठरले आहे आणि गंगैकोंडचोळपुरम वगळले आहे. बाबांसाठी लागोपाठ दोन सकाळी शिलालेखाला राखून ठेवल्या आहेत. ग्रंथालयाला लिहायच्या पत्राचा मसुदा त्यांनी काल रात्रीच केला. शेजारच्या बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी थोडा वेळ काहीच उत्तर दिले नाही. मग आत जाऊन एक जुनी वही आणली आणि तंजावरच्या पश्चिम राजवीथीजवळ राहणाऱ्या भाचीचा क्रमांक आईला लिहून दिला. भाजणी आई घरीच करणार आहे.

आता एकच शंका उरली आहे. पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातील संत-रचनाकार त्यागराजांची आराधना (पुण्यतिथीचा उत्सव) असते आणि शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच प्रसिद्ध रचना, गातात, असे वाचले. आमच्या तारखा त्याच आठवड्यात येत आहेत. त्या दिवशी तंजावरहून सकाळी किती वाजता निघावे, म्हणजे आईवडिलांना मंडपात बसायला जागा मिळेल? आणि त्या आठवड्यात खोल्या मिळण्यात अडचण येत असेल, तर मी सहल चार दिवस पुढे ढकलावी का?