मदत हवी आहे: बोर्डोचं जुनं प्रमाण रत्तल-गॅलनमध्ये, २०० लिटरला किती?

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. गोडी (फळधारणेची) छाटणी झाली की काड्यांवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक द्रावण, मारायचा आहे. एरवी दुकानदार सांगेल तसं करतो, पण यंदा आजोबांची १९५० च्या सुमाराची वही हाती लागली. तिच्यात लिहिलंय: ५ रत्तल मोरचूद (कॉपर सल्फेट), ५ रत्तल चुना, ५० गॅलन पाणी. एका अमेरिकन पुस्तिकेत मात्र ४-४-५० दिलंय, म्हणजे ४ पाउंड मोरचूद, ४ पाउंड चुना, ५० गॅलन पाणी.

रत्तलाचं गणित जमलं. एक रत्तल, म्हणजे पाउंड, ४५३.६ ग्रॅमचा, पाचाचे २ किलो २६८ ग्रॅम. घोडं अडलंय गॅलनपाशी. एके ठिकाणी तो ४.५४६ लिटरचा, दुसरीकडे ३.७८५ चा. म्हणजे ५० गॅलन एकदा २२७ लिटर, एकदा १८९! तेवढ्याच मोरचुदाला लिटरमागे कधी १० ग्रॅम येतात, कधी १२.

माझा ड्रम २०० लिटरचा. कुठलं प्रमाण धरू?

प्रतिसाद १
भाऊ, दोन्ही बरोबर आहेत, फक्त सरमिसळ करू नका. वही आपल्याकडची, त्यातून किलो बाजारात यायच्या आधीची (तो आला १९५८ पासून), म्हणजे गॅलन ब्रिटिशच. तो बांधलाच होता १० पाउंड पाण्याच्या मापाने. ५० गॅलन म्हणजे ५०० पाउंड पाणी, त्यात ५ पाउंड मोरचूद: सरळ १ टक्का. किलोत आणायचीही गरज नाही. अमेरिकन गॅलनात पाणी बसतं ८.३४ पाउंड, ५० चं झालं ४१७. त्यात ४ पाउंड टाकले की ०.९६ टक्के. तुम्ही २०० लिटरला २ किलो मोरचूद घ्या.

प्रतिसाद २
गॅलन सुटला, पण चुन्याचं काय? वहीतला चुना बहुधा कळीचा, म्हणजे पाणी न घातलेला, असणार. पाकिटातली विरलेल्या चुन्याची पावडर घ्याल तर वजनाला वजन चालत नाही. १ किलो शुद्ध कळीचा चुना विरला की साधारण १.३२ किलो भरतो. वर तुमचा चुना किती जुना, किती खडे, कोण जाणे. म्हणून शेवटी तराजूपेक्षा चाचणीवर जा. घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा तयार द्रावणात बुडवा. तांब्याचा लालसर थर चढला तर चुना कमी पडलाय, चुन्याची निवळी अजून घाला. लोखंडी भांडं नको, आणि केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. कोवळ्या फुटीवर मात्र १ टक्का मारू नका, करपेल.

धागाकर्ता
ड्रम प्लास्टिकचाच आहे. खिळ्याचं माहीत नव्हतं, करून बघतो. वहीत पुढे गंधक एकरी १५ रत्तल असंही आहे. एकर तरी एकच आहे ना?

प्रतिसाद १
एकर तोच, ४० गुंठ्यांचा. १५ रत्तल म्हणजे ६ किलो ८०० ग्रॅम. पण ती धुरळायची भुकटी असणार. पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाला हा आकडा लावू नका, त्याच्या पाकिटावरचंच प्रमाण पाळा.