काळ्या मांजरीला पिवळा बोका कसा?

पंचवटीकर: वाड्यातल्या काळ्या मांजरीची (छातीवर पांढरा डाग) पाच पिल्लं सहा आठवड्यांची झाली. दोन तिरंगी, एक काळा बोका, एक पूर्ण पिवळा बोका, एक चंदेरी-राखाडी. गल्लीत पिवळा बोका फिरतो, म्हणून ‘बापावर गेलं’ असं सगळे म्हणतात. पण पिवळा रंग एक्स गुणसूत्रावर असतो ना? मग बापाचा रंग मुलात आला कसा? आणि राखाडी कुठून आलं?

गोदाकाठ: बापाकडून आलेलाच नाही. बोक्याला एक्स आईकडूनच मिळतो, बापाकडून फक्त वाय. आई निव्वळ काळी असेल तर तिचे सगळे बोके बिगर-पिवळेच होणार, बाप कुठलाही असो. तेव्हा आईच बहुधा काळी-पिवळी मिश्र आहे. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद पडतो (हे जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी 1961 मध्ये मांडलं) आणि कुठला पडेल ते नशिबावर. त्यामुळे कधीकधी पिवळा भाग चार केसांपुरताच उरतो किंवा पांढऱ्या डागाखाली झाकला जातो.

सकाळच्या उन्हात तिची हनुवटी, बोटांमधली फट, मांडीची आतली बाजू, शेपटीचं टोक केस विंचरून बघा. उन्हाने विटलेल्या काळ्या केसाला फसू नका: तो टोकाला तपकिरी दिसतो, पण मुळाशी काळाच असतो. पिवळा केस मुळाशीही काळा नसतो. हा पिवळा रंग एआरएचजीएपी36 या जनुकाजवळचा डीएनएच्या सुमारे 5,000 अक्षरांचा तुकडा गळाल्यामुळे येतो, हे 2025 मध्ये प्रसिद्ध झालं.

तिरंगी पिल्लांवरूनही बाप ठरत नाही. आई मिश्र असेल तर काळ्या बोक्यापासूनही ती होतात. शिवाय एकाच माजात दोन-तीन बोक्यांशी संबंध आला, तर एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात.

सिडको_मनी: राखाडीचं उत्तर केसाच्या मुळाशी मिळेल. फुंकर मारून केस उलगडा. टोक फिकट आणि मूळ गडद असेल तर तो ‘फीव्हर कोट’: गाभणपणात आईला ताप किंवा मोठा ताण आला की पोटातल्या पिल्लाच्या केसात रंग नीट उतरत नाही. नवे केस खऱ्या रंगाचे येतात, बहुतेकदा चार ते सहा महिन्यांत चंदेरी झाक जाते. औषध लागत नाही. केस टोकापासून मुळापर्यंत सारखाच निळसर-राखाडी असेल तर तो कायमचा फिका रंग. त्याचं जनुक अप्रभावी, दोन्ही पालकांकडून यावं लागतं. काळ्या आई-बापांत ते लपून राहू शकतं. मूळ पांढरं आणि टोक गडद असेल तर मात्र तो ‘स्मोक’.

पंचवटीकर: मागच्या डाव्या पायाच्या बोटांत पिवळे केस सापडले, मुळापर्यंत पिवळे. राखाडीचं मूळ काळं आहे. एका तिरंगी पिल्लाला मात्र शेजारी बोका म्हणतात.

गोदाकाठ: शेपटी उचलून बघा. गुदद्वार आणि खालचं छिद्र जवळजवळ, खालचं उभ्या चिरेसारखं, तर मादी. दोघांत एक-सव्वा सेंटिमीटर अंतर आणि खालचं गोल, तर बोका. काळ्या भावाला बाजूला धरून ताडून बघा, फरक लगेच कळतो. तिरंगी बोका सुमारे 3,000 तिरंग्यांत एक, बहुतेकदा एक्स-एक्स-वाय (म्हणजे एक एक्स जादा) आणि वांझ. आणि आईची नसबंदी लांबवू नका, दूध पाजतानाही ती पुन्हा गाभण राहते. पिल्लं अंगावरून सुटली आणि दूध आटलं की पशुवैद्यांकडे न्या.