विषय: घानातच कुमासीला बदली झालीये, आशांती रिजनबद्दल (म्हणजे तिथल्या प्रांताबद्दल) कुणी सांगेल का?

(अक्राहून)

नमस्कार मंडळी,

कंपनीने अक्रातून कुमासीला पाठवायचं नक्की केलंय, पुढच्या महिन्यात जायचंय. गोडाऊनसाठी जागा शोधायचं कामही माझ्याच गळ्यात पडलंय. नेटवर वाचलं पण डोक्यात काही शिरेना, तिथे नक्की चालतं कुणाचं? ऑफिसातले आशांती लोक रिजनल मिनिस्टरचं नावही काढत नाहीत, सगळं मानहिया पॅलेस (आशांती राजाचा राजवाडा) नि ओटुम्फुओ (राजाची पदवी). कुमासीवाल्या काकांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

---

(कुमासीहून)

अरे बाबा, दोघांचंही चालतं, फक्त कुठल्या कामाला कुणाकडे जायचं ते कळलं पाहिजे.

कागदावर सोपं आहे. घानाचे आता १६ रिजन, आशांती त्यातला एक, २४,३८९ चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे नि सातारा जिल्हे मिळून होतात त्याहून जरासा कमी. रिजनल मिनिस्टर राष्ट्राध्यक्ष नेमतात, लोक निवडून देत नाहीत. त्याखाली ४३ असेम्ब्ल्या, म्हणजे स्थानिक कारभाराच्या सभा, प्रत्येकीचा चीफ एक्झिक्युटिव्हसुद्धा राष्ट्राध्यक्षच सुचवणार, असेम्ब्लीने दोन तृतीयांश मतांनी हो म्हणायचं. आपली झेडपी असावी पण अध्यक्ष वरून यावा, तसं. गोडाऊनच्या परमिटच्या आधी एक बघ, की कुमासी शहर म्हणजे सगळं कुमासी मेट्रो नव्हे. २०१८ मध्ये असोक्वा, क्वाडासो, सुआमे, ओल्ड टाफो, ओफोरिक्रोम ह्या वेगळ्या म्युनिसिपालिट्या काढल्या, त्यामुळे रस्त्याच्या ह्या बाजूला एक असेम्ब्ली नि पलीकडे दुसरी असं होऊ शकतं.

आता मानहिया. सध्याचे असांतेहेने, म्हणजे आशांतींचे राजे, ओटुम्फुओ ओसेई टुटू दुसरे, १९९९ पासून गादीवर. गादी म्हणजे सोन्याचं स्टूल, त्यावर कुणीच बसत नाही, खुद्द राजासुद्धा नाही. १९०० मध्ये इंग्रज गव्हर्नर हॉजसनने ते मला बसायला द्या म्हणून मागितलं नि एजिसूची राणीमाता, 'या असांतेवा' नावाची, लढाईला उभी राहिली. तिला सेशेल्सला हद्दपार केलं, १९२१ मध्ये तिकडेच गेली बिचारी, पण स्टूल काही इंग्रजांच्या हाती लागलं नाही. इंग्रजांच्या १८७४ च्या लुटीतलं सोनं २०२४ मध्ये लंडनच्या म्युझियमांनी मानहियाला परत "उसनं" दिलं, तेही तीन वर्षांच्या बोलीवर! ज्यांचं त्यांनाच उधार, काय म्हणायचं ह्याला.

पण हे नुसतं जुनं वैभव नाही. इथली बहुतेक जमीन स्टूलची, म्हणजे गादीची आहे. तिच्या उत्पन्नातले १०% सरकारी ऑफिस खर्चापोटी घेतं, उरलेल्याचे २५% स्टूलला, २०% चीफ लोकांच्या पारंपरिक मंडळाला नि ५५% असेम्ब्लीला, असं १९९२ च्या घटनेतच लिहिलंय. त्याच घटनेने चीफ लोकांना, म्हणजे राजा नि गावोगावच्या पारंपरिक प्रमुखांना, पक्षीय राजकारणाला बंदी केलीये. म्हणून मिनिस्टर सरकार बदललं की बदलतो नि मानहिया तिथेच, लोक कुणाचं नाव घेणार मग? नॅशनल हाऊस ऑफ चीफ्सही अक्रात नाही, इथे कुमासीतच आहे.

---

(कुमासीहून, वहिनी)

ह्यांनी राजकारण सांगितलं, खायचं कोण सांगणार? भाऊजी, घाबरू नका, उपाशी राहणार नाही. केजेटिया मार्केटला कोंटोमिरे मिळतं, अळूच्याच जातीतल्या कंदाची पानं, चिंच-गूळ-दाणे घालून फदफदं झकास होतं, फक्त नीट शिजवा नाहीतर घसा खवखवेल. प्लँटेन (भाजीची केळी) नि याम (सुरणासारखा कंद) बारा महिने. बायको येणार असेल तर तिला बोनवीरेला न्या, केन्टे नावाचं कापड विणतात तिथे. जेमतेम वीतभर रुंदीच्याही नाहीत अशा लांबच लांब पट्ट्या मागावर निघतात, मग त्या कडेला कड शिवून कापड होतं, विणणारे पायाच्या बोटात दोऱ्या धरून इतक्या भराभर चालवतात की बघत बसावं. भाव मात्र तिने करावा, तुम्ही नको.

---

(टेमाहून)

एक भर. आशांती सगळ्यात जास्त लोकवस्तीचा रिजन असं अजून बरेच जण सांगतात, ते २०१० पर्यंतचं. २०२१ च्या जनगणनेत ग्रेटर अक्रा ५४.५६ लाख नि आशांती ५४.४० लाख, थोडक्यात हुकलं.

आणि बोसुम्ट्वी तलाव चुकवू नकोस. मी बुलढाण्याचा, त्यामुळे सांगायलाच हवं, तोही उल्कापाताचाच, आपल्या लोणारसारखा, पण विवर साडेदहा किलोमीटरचं, लोणारचं पावणेदोनच्या आसपास. वय दहा लाख वर्षांच्या वर. लोणारच्या खाऱ्या पाण्यात मासा नाही, इथे आहे नि काठावरची गावं त्यावरच जगतात. पाण्याला लोखंड लागू द्यायचं नाही हा जुना दंडक, म्हणून कोळी होडीऐवजी लाकडाच्या एका जाड फळीवर बसून हातानेच वल्हवत जातात.

दुसरी बाजूही बघ. ओबुआसीची सोन्याची खाण १८९७ पासूनची, ती मोठ्या कंपनीची, पण भोवताली गॅलमसे, म्हणजे बेकायदा खोदकाम, इतकं झालंय की ऑफिन नदी चहाच्या रंगाची दिसते नि कोकोच्या बागा खणून टाकल्यात. कोको घेणारी तुमची कंपनी असेल तर हे आधी विचारून ठेव.

---

(अक्राहून)

सगळ्यांचे आभार. काका, जागा विकतच घेऊ का मग?

---

(कुमासीहून)

विकत नाही मिळत, परदेशी माणसाला किंवा कंपनीला जास्तीत जास्त ५० वर्षांची लीज. गावच्या चीफकडे जाताना श्नॅप्सची (कडक दारूची) बाटली न्यावी लागते, वर "ड्रिंक मनी" म्हणून जे मागतील ते बाटलीच्या किमतीचं नसतं, जमिनीच्या किमतीचं असतं, तेव्हा आकडा आधी काढून घे. चीफने कागद दिला म्हणून खूश होऊ नकोस, त्यावर असांतेहेनेंच्या लँड सेक्रेटरिएटची (जमिनीच्या कचेरीची) संमती लागते, नि पैसे द्यायच्या आधी सरकारी लँड्स कमिशनमध्ये सर्च काढायचाच, कारण एकच प्लॉट दोघा-तिघांना दिलेला निघतो. वकील कुमासीचा घे, अक्राचा नको.